ओरिमात्सूच्या कानातला फाया

बोरी अरबच्या बसस्टँडसमोर माझं कृषी केंद्र आहे. त्याच्या एका बाजूला सलून, आणि दुसऱ्या बाजूला, आता जिथं चपलांचं दुकान आहे तिथं, वसराम आडेचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, बारावीचा निकाल हे सगळं पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि त्याच्या वर, येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरला वळणावरूनच वाचता यावं एवढ्या अक्षरात: ‘वसराम आडे, वेबमास्टर’.

आमच्या गावानं हेडमास्तर पाहिला होता, पोस्टमास्तर पाहिला होता, वरातीत ढोल बडवणारा बँडमास्तरही पाहिला होता. वेबमास्टर पाहायला मिळालेलं दारव्हा तालुक्यातलं आमचं पहिलंच गाव. म्हणजे नेमकं काय, असं मी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी खताच्या पोत्यावर बसून खत म्हणजे काय असं विचारतो आहे.

“भौ, जपानमंदी कार्टून बनते न, त्याले अ‍ॅनिमे म्हन्तेत. त्यातल्या ओरिमात्सूवर मराठीत साइट हाय माही. अख्ख्या जगात एकच.”

“एकच?”

“दुसरी पांढरकवड्याच्या पंकज वानखडेची हाय. पन ते मोजाची नाई.”

हा ओरिमात्सू म्हणजे घोड्यांवर मिठाची पोती लादून डोंगर ओलांडणारा एक निळ्या केसांचा तलवारबाज. दिवसभर मीठ विकायचं, संध्याकाळी दुष्टांची डोकी उडवायची, असा त्याचा धंदा. वसरामचा बंजारा तांडा गावाबाहेर टेकडीला लागून आहे. त्याच्या खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा हिंदुस्थान पालथा घातला होता. त्यामुळं त्याला ओरिमात्सू परका वाटलाच नाही. त्याचे वडील थावरूबा यांनी एकदा दुकानात बसून एक भाग पाहिला आणि निकाल दिला, “हा त आपलाच मानूस हाय. बैलं इकून घोडे घेतले यानं, एवढाच फरक.”

वसराम दिसायला काडीपैलवान. पुढची एक बट तो कपड्यांच्या निळीनं रंगवायचा. मे महिन्यात घाम सुटला की ती नीळ कपाळावरून नाकावर उतरे आणि सातबारा घ्यायला आलेले म्हातारे त्याला पाहून हात जोडत. हे मी वाढवून सांगत नाही. एका म्हातारीनं तर त्याच्या टेबलावर नारळ ठेवला होता.

त्या जगातला मानपान मला वसरामनंच शिकवला. खानदानी लग्नात मानपान नसेल एवढा त्यांच्यात होता. स्वतःचं डोमेन म्हणजे जमीन स्वतःच्या नावावर. दुसऱ्याच्या डोमेनवर कोपऱ्यात जागा मिळालेला वेबमास्टर म्हणजे मक्त्यानं दुसऱ्याचं वावर कसणारा. आणि फुकटच्या ब्लॉगवर साइट चालवणारा म्हणजे सरकारी ई-क्लास जमिनीवर अतिक्रमण करून बसलेला. जमीनवाला मक्तेवाल्याच्या साइटवर पाहुणा म्हणून जाई, पण तिथं अभिप्राय लिहीत नसे; शोभत नसे ते. अतिक्रमणवाल्याशी तर कोणी उघड बोलतच नसे. वसराम जमीनवाला होता. पंकज मक्तेवाला होता, आणि मक्ताही एका अमरावतीच्या पोरीच्या डोमेनवर. हे वाक्य वसराम इतक्या समाधानानं उच्चारायचा की त्याला त्या दिवशी जेवण लागत नसे.

साइटच्या तळाशी पाहुण्यांचा आकडा पळायचा. वसरामनं काय केलं, दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर पहिलं पान म्हणून स्वतःची साइट बसवून टाकली. जो पीकविम्यासाठी यायचा, तो आधी ओरिमात्सूच्या दारातून जायचा.

“या काकाजी, या,” वसराम म्हणायचा. “तुमी माये आजचे पयले व्हिजिटर.”

“मले कापसाचा विमा भराचा हाय न बाप्पा.”

“भरू न. आधी हे तलवार पाहा.”

अशा रीतीनं ओरिमात्सूच्या सगळ्यात निष्ठावान चाहत्यांमध्ये आमच्या भागातले झाडून सारे कापूसवाले जमा झाले, आणि ब्राझीलचा एक वेबमास्टर तो आकडा पाहून झुरू लागला. एवढ्यावर भागलं नाही. साइट शिळी दिसली तर मान जातो, म्हणून वसरामनं प्रत्येक पानाखाली एक युक्ती करून ठेवली: ‘हे पान लिहिलं’ असं म्हणून पुढं आपोआप आजची तारीख यायची. उघडा केव्हाही, लेख नुकताच कढईतून काढलेला.

या मंडळींत एकमेकांना पुरस्कार द्यायची रीत होती. कोणी कुणालाही द्यायचा. चित्रातली एक ढाल बनवायची, तिच्यावर त्याचं नाव घालायचं आणि पाठवायची. घेणाऱ्यानं ती आपल्या साइटवर लावायची आणि चार दिवसांत उलट ढाल धाडायची. नाही धाडली तर वैर. आमच्याकडं आहेराचं जसं चालतं, तंतोतंत तसंच. ब्राझीलहून वसरामला ‘सुवर्ण तलवार’ नावाची ढाल आली, तेव्हा त्यानं तिचा फ्लेक्स छापून थेट बसस्टँडवर लावला. सरपंचांना वाटलं, आपण मागं राहिलो तर बरं दिसणार नाही. त्यांनी ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या मांडल्या, शाल दिली, श्रीफळ दिलं आणि भाषणात सांगितलं, “ब्राझील सरकारनं आपल्या वसरामची दखल घेतली, आता आपल्या सरकारनंही घ्यावी.” टाळ्या पडल्या. मग वसराम माझ्या कानाशी आला.

“देनारी सातवीतली पोरगी हाय भौ. तिच्या मायनं परीक्षेच्या पायी कॉम्प्युटर बंद करून टाकला. उलट पुरस्कार कुटं धाडू आता?”

सत्काराची शाल खांद्यावर, आणि चेहऱ्यावर ही काळजी. नंतर एकदा त्यानं ‘अनिश्चित काळासाठी साइट बंद’ अशी काळी पाटी लावली. बडे वेबमास्टर असं करतात म्हणे. मग जगभरातून विनवण्या येतात, परत या, परत या. वसराम दाढी वाढवून विनवण्यांची वाट पाहत बसला. एकच निरोप आला. कापरा गावच्या एका शेतकऱ्यानं विचारलं होतं, साइट बंद आहे तर विमा कुटं भरू?

पंकज वानखडे यात कुठं येतो ते आता सांगतो. पंकजचं मुख्य काम वसरामच्या साइटवरून उचलणं. वसरामनं ओरिमात्सूच्या घोड्यांची नावं लिहिली, की संध्याकाळी ती पांढरकवड्यात हजर. ओरिमात्सूच्या सासूचं टोपणनाव लिहिलं, हजर. एकदा वसरामनं चुकून एका पानावर किराण्याची यादी चिकटवली होती. पंकजनं तीही उचलली, तूरडाळ तेवढी गाळली, असं वसराम सांगायचा, आणि मी तरी तो खोटं बोलतो असं म्हणणार नाही.

“याले रंगेहात धरतो,” तो म्हणाला. “आमच्यात रीत हाय. खऱ्या मायतीत एक खोटी गोठ पेराची. चोरट्यानं उचलली, का चोर सापडला.”

“काय पेरतोस?”

तो विचारात पडला. समोर ओट्यावर थावरूबा बसले होते. पांढरं धोतर, लाल पागोटं, आणि डाव्या कानात हिना अत्तराचा फाया, म्हणजे अत्तरात बुडवलेला कापसाचा बोळा. तो फाया थावरूबांच्या कानात आमच्या जन्माआधीपासून असावा. ओरिमात्सूचे केस तर कानांवर आलेले. त्याचे कान कोणत्याही भागात कोणीही पाहिलेले नाहीत. वसरामचे डोळे लकाकले. त्यानं बसल्या बैठकीला लिहून टाकलं: ओरिमात्सू डाव्या कानात नेहमी कापसाचा फाया ठेवतो. मरताना बापानं स्वतःच्या कानातला काढून दिला होता.

“ओ बा, तुमाले मारून टाकलं,” तो बाहेर पाहून ओरडला.

“आता चहा पिऊन मरू दे,” थावरूबा म्हणाले.

संध्याकाळी फाया पांढरकवड्यात पोचला. पंकजनं पानाखाली इमानदारीनं त्या दिवसाची तारीखही घातली. चोर पकडला गेला. वसरामनं तेव्हाच दोन ओळी लिहून जाळं ओढलं असतं, तर ही कहाणी इथंच संपली असती. पण त्याला हाव सुटली. एका पंकजसाठी कोण जाळं ओढतं? अजून दोन-चार अडकू दे, मग सगळ्यांना एकदमच बाजारात उभं करू.

अडकले की! पंकजवरून अमरावतीनं घेतलं, अमरावतीवरून कोणीतरी इंग्रजीत केलं, आणि मग फाया असा उधळला की बाप्पा! फिलिपिन्स, फ्रान्स, ब्राझील. लोकांनी चित्रं काढली: बर्फात ओरिमात्सू, डोळ्यांत पाणी, कानात कापूस. एका बाईनं भलामोठा निबंध लिहिला, की फाया हे मुक्या दुःखाचं प्रतीक आहे, कारण बापाचा आवाज जिथून आत गेला ती वाट मुलानं बुजवली आहे. वसरामनं मला तो निबंध वाचून दाखवला. अर्ध्यावर थांबून त्यानं बाहीनं डोळे पुसले. स्वतःच्याच थापेवर रडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आणि तिथून त्याचं सुख संपलं. अख्ख्या जगात त्याच्याएवढी गाजलेली गोष्ट कोण्याच वेबमास्टरनं लिहिली नव्हती, आणि खाली त्याचं नाव नव्हतं. पाहुण्यांचा आकडा, ढाली, शाल, सगळं त्याला फिकं पडलं. त्याला एवढंच पाहिजे होतं की कोणीतरी, कुठंतरी, एका ओळीत लिहावं: हा फाया बोरी अरबच्या वसराम आडेचा.

शेवटी चार वर्षांनी त्यानं मोठ्या अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीतही, जाहीर केलं. फाया खोटा आहे, मी रचला आहे, तुम्ही सगळे चोर आहात. जगभरातून लोक त्याच्या साइटवर धावले, एका दिवसात कापूसवाल्यांपेक्षा जास्त. आणि सगळ्यांनी आधी फायाच्या पानाखालची तारीख पाहिली. आजची! पंकजच्या पानावर चार वर्षांपूर्वीची.

झालं. फायाचा जनक पंकज ठरला आणि वसराम ठरला जळकुटा चोर. युक्ती काढून टाकली तरी जुनी तारीख येणार कुठून? ज्या कॉम्प्युटरवर ते लिहिलं त्याची हार्डडिस्क व्होल्टेजनं केव्हाच उडवली होती. ब्राझीलनं सुवर्ण तलवार परत मागितली. चित्रातली ढाल परत कशी करायची, हे वसरामला कळेना. त्यानं बसस्टँडवरचा फ्लेक्स उतरवला.

“तू काहून रोज आजची तारीख टाकत होता बे?” मी विचारलं.

“इज्जतीसाठी,” तो म्हणाला.

नागपूरला या अ‍ॅनिमेवाल्यांचा मेळा भरतो. पोरंपोरी पात्रांचे वेश करून येतात, पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन एकमेकांना ‘यार’ म्हणतात. त्या वर्षी मेळ्यात ओरिमात्सूवर प्रश्नमंजूषा होती आणि प्रश्न विचारायला, साक्षात, पंकज वानखडे. वसरामनं ठरवलं, व्हायचं ते भर सभेत होऊ द्या. थावरूबांचे डोळे नागपुरात दाखवायचेच होते, म्हणून तेही निघाले. मला वसरामनं सोबत घेतलं ते साक्षीदार म्हणून. मी साक्षीला चांगला नाही, असं मी सांगून पाहिलं.

हॉलच्या दारातच वसराम थबकला. आत शे-दीडशे ओरिमात्सू हिंडत होते. कोणाचा विग निळा, कोणाचा जांभळा, एकाचा तर सरळ हिरवा. आणि प्रत्येकाच्या डाव्या कानात कापूस. एका कोपऱ्यात तर एक मुलगी टोपलीत फाये घेऊन उभी होती, विसरून आलेल्यांसाठी.

“आपल्या जिनिंगमंदी कापूस शिल्लक राह्यला का नाई?” थावरूबांनी मला विचारलं.

आम्ही त्यांना हॉलमध्येच मागच्या पायऱ्यांवर बसवलं. प्रश्नमंजूषा सुरू झाली. पंकज मंचावर. मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. गोरटेला, गुळगुळीत, माईकला लाडीगोडी लावत बोलणारा. वसराम भराभर उत्तरं देत सुटला. घोड्यांची नावं, मिठाचे भाव, सासूचं टोपणनाव. शेवटच्या फेरीत तो आणि वर्ध्याची एक मुलगी, एवढे दोघंच उरले.

“शेवटचा प्रश्न,” पंकज म्हणाला, आणि वसरामकडं पाहून जो हसला ना! “ओरिमात्सूच्या डाव्या कानात काय असतं, आणि ते त्याला कोणी दिलं?”

मी मान खाली घातली. फाया म्हटलं तर जिंकतो, पण पंकजचा फाया घेऊन जिंकतो. काही नसतं म्हटलं तर हरतो.

“काई नसते,” वसराम म्हणाला. “कान कोरडा हाय त्याचा. फाया म्या लिवला. हे पंकजनं माह्या साइटवरून चोरलं.”

हॉलभर ‘ऊऊ’ झालं. त्या मंडळींत चोर म्हणणं म्हणजे आमच्यात वरमाईला नावं ठेवणं.

“सोर्स काय सर?” पंकज गोडव्यानं म्हणाला. “तुमच्या पानावरची तारीख आम्ही सगळ्यांनी पाहिली. सोर्स दाखवा.”

“सोर्स?” वसरामचा आवाज फाटला. “सोर्स थो पाहा, पायरीवर बसला हाय! लाल पागोट्यावाला! बाप हाय माहा! त्याच्या कानातला फाया हाय हा, तुमच्या ओरिमात्सूच्या बापाचा नाई!”

शे-दीडशे निळ्या माना एकदम वळल्या. थावरूबा पायरीवर बसून शेंगदाणे खात होते. डाव्या कानात फाया, पिवळा पडलेला, मुरलेला, टोपलीतल्या पांढऱ्याफेक फायांना लाजवणारा. मला वाटलं, जिंकला! आमचा वसराम जिंकला!

आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की थावरूबांच्या हातचे शेंगदाणे सांडले.

“काय डेडिकेशन आहे यार!” कोणीतरी किंचाळलं. “आजोबांना ओरिमात्सूचा बाप बनवून आणलं!”

पंकज पक्का माणूस. त्यानं वारा ओळखला. “मित्रांनो,” तो माईकमधून म्हणाला, “आमच्यात मतभेद असतील, पण फॅन असावा तर असा! बापालासुद्धा तयार करून आणलं!”

“तयार नाई केलं रे! थो तसाच हाय!” वसराम ओरडत होता. जितका तो ओरडला, तितक्या टाळ्या वाढल्या. उत्तर चूक ठरलं, वर्ध्याची मुलगी जिंकली, आणि उत्कृष्ट वेशभूषेचा करंडक थावरूबांना मिळाला. पोरांनी त्यांना उचलूनच मंचावर नेलं.

“बाबाजी, हा पोशाख कुठून शिवला?” पंकजनं विचारलं.

“लग्नातलं पागोटं हाय माहं.”

“आणि कानातला फाया? त्यामागची भावना काय?”

थावरूबांनी विचार केला. त्या निबंधवाल्या बाईनं इथं असायला पाहिजे होतं.

“कानात वारं जाते बाप्पा,” ते म्हणाले.

हॉल उभा राहिला. वाऱ्याचाही काही खोल अर्थ निघाला असणार; दुसऱ्या दिवशी तोही जगभर गेला. ‘नागपूरच्या वृद्ध चाहत्याचं फायाविषयीचं गूढ वचन’ म्हणून. चाहत्याचं नाव मात्र कोणी विचारलं नव्हतं.

वसरामनं त्यानंतर वर्षभरात दुकान बंद केलं. हैदराबादला एका कंपनीत लागला, तिथं म्हणे चांगलं चाललं आहे. निळी बट गेली. फोन करतो, सोयाबीनचा भाव विचारतो, घरच्यांचं विचारतो. वेबमास्टर हा शब्द त्याच्या तोंडून परत आलेला नाही. चार लोकांत मी त्याच्या गमती रंगवून सांगतो, आणि लोक पोट धरून हसतात. पण माझ्या डोळ्यांसमोर तो येतो तो त्या दिवशीचा, मेळा उठतानाचा.

मंचाच्या खाली थावरूबा खुर्चीवर बसले होते, मांडीवर करंडक. त्यांच्यासोबत फोटो काढायला निळ्या केसांची रांग लागली होती. वसराम बापाच्या शेजारी उभा होता, एक हात त्यांच्या खांद्यावर. मला वाटतं, तो अजून वाट पाहत होता, कोणीतरी विचारेल म्हणून.

“अंकल,” एक मुलगी म्हणाली, “तुम्ही थोडं साइडला होता का? फ्रेममध्ये येऊन राहिले तुम्ही.”

वसराम बाजूला झाला. तिनं स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला. “आमचा सगळ्यांचा एक काढा न प्लीज.”

त्यानं फोनकडं पाहिलं, मग बापाकडं. मला वाटलं, आता फोन आपटतो. पण त्यानं तो दोन्ही हातांनी नीट धरला, दोन पावलं मागं सरकला, एक डोळा मिटला आणि पुन्हा उघडला.

“बा,” तो म्हणाला, “मान जराशी उजवीकडं करा. डावा कान दिसला पायजे.”